पिझ्झ्याआधी वही

सांगलीत विश्रामबागला किंवा साताऱ्यात पोवई नाक्यावर पिझ्झ्याचं दुकान टाकायचं, तर भट्टीआधी वही उघडावी. समजा, पिझ्झा 150 रुपयांना. मैदा, चीज, गॅस, खोका धरून खर्च 90. उरले 60. भाडं, पगार, हप्ता मिळून महिन्याला 60,000 जात असतील, तर 1,000 पिझ्झे, म्हणजे रोज 33-34, खपल्यावरच नफा सुरू. ‘भाव उतरवा, गर्दी होईल,’ हा सल्ला हमखास मिळतो. 130 केले की सुटतात 40 आणि लागतात 1,500 पिझ्झे, म्हणजे दीडपट. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजची पोरं भाव बघून खातात, हे खरं. पण परीक्षा संपली की ती गावी जातात, भाडं थांबत नाही. शिवाय स्वस्ताईत भडंग-भेळेला कोण हरवणार? सूट द्यायचीच तर दुपारी द्यावी. तेव्हा भट्टी तापलेली असते नि कामगार बसून असतात.