ओव्हनचं उरलेलं काम

डिसेंबरात महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी पुण्या-मुंबईच्या बाजारात येते आणि नेमका त्याच सुमाराला सहलींचा, हुरडा पार्ट्यांचा मोसम सुरू होतो. या जुळणीमुळे सहलीच्या डब्यात आता एक नवा गोड पदार्थ शिरला आहे: ताजं फळ आणि पांढरं चॉकलेट, तेही काहीही न भाजता. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून तळाला दाबायचा, त्यावर फेटलेलं क्रीम आणि वितळवलेलं पांढरं चॉकलेट, वर स्ट्रॉबेरीच्या फोडी, मग चार तास फ्रीज. घरी जेवणानंतर खाल्लं तर हे सुरेख लागतं. तोच डबा तीन तास गाडीच्या डिकीत राहिला आणि दुपारी झाडाखाली उघडला की तळ मऊ पडलेला असतो, फोडींना सुटलेलं गुलाबी पाणी कोपऱ्यात साचलेलं असतं, आणि चमचा घातला की थर एकमेकांवरून घसरतात. बोल लागतो करणाऱ्याच्या हाताला. चूक मात्र कृतीच्या हिशेबातच आहे. ओव्हन पदार्थासाठी दोन कामं करतो. एक, पाणी घालवतो. दोन, आकार पक्का करतो. ओव्हन वगळला तरी ही कामं उरतातच आणि ती दुसऱ्या कुणाला तरी नेमून द्यावी लागतात. थंड देशांतून आलेल्या कृतींनी ती फ्रीजवर सोपवली आहेत. आपल्या हवेत, फ्रीजपासून दूर खायच्या पदार्थाला ती सोपवणूक पुरत नाही.

आधी पांढऱ्या चॉकलेटकडेच नीट पाहू. त्यात कोकोची तपकिरी पूड नसते. असतं ते कोको बियांचं लोणी, दुधाची पूड आणि साखर. युरोपातल्या नियमानुसार पांढऱ्या चॉकलेटमध्ये किमान २० टक्के कोको बटर आणि १४ टक्के दुधाचा कोरडा अंश असावा लागतो. म्हणजे हा पदार्थ घडणीने आपल्या दूध-साखरेच्या वडीचा जवळचा नातलग आहे, फक्त तुपाच्या जागी कोको बटर आहे. आणि या कोको बटरच्या अंगी एक विशेष गुण आहे. पंचवीस अंशांना ते टणक असतं, कट्‌कन मोडतं. तीस ते चौतीस अंशांच्या अरुंद पट्ट्यात मात्र ते झपाट्याने वितळतं. चॉकलेट जिभेवर विरघळतं ते याच गुणामुळे, कारण तोंडातलं तापमान या पट्ट्याच्या जरा वर असतं. पांढऱ्या चॉकलेटमध्ये दुधाची स्निग्धताही असल्याने ते काळ्या चॉकलेटपेक्षा थोडं लवकरच मऊ पडतं. पुण्यात डिसेंबरची दुपार तिशीच्या आतबाहेर असते, एप्रिलची अडतिसाच्या आसपास. आकार धरून ठेवण्याचं काम कोको बटर डिसेंबरात सावलीत करील. एप्रिलमध्ये ते त्याच्याकडून होणार नाही. मोसमाची ही मर्यादा आधीच मान्य केली की पुढचा विचार सोपा होतो.

आता पाणी. स्ट्रॉबेरीत सुमारे ९१ टक्के पाणी असतं, संत्र्यात ८७, अननसात ८६, आंब्यात ८३. फळ चिरलं आणि त्याला साखर लागली की हे पाणी बाहेर यायला लागतं. अर्ध्या तासात भांड्याच्या तळाशी रस दिसतो. चॉकलेटला तर पाण्याचं वावडंच आहे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखरेचे आणि दुधाच्या पुडीचे बारीक कण स्निग्धात तरंगत असतात. त्यात पाण्याचे चार थेंब पडले, अगदी डबल बॉयलरच्या वाफेचे का होईना, की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. चमच्यावरून रेशमासारखी उतरणारी धार तुटते, मिश्रणाची चमक जाते आणि बघता बघता भांड्यात ओल्या वाळूसारखा रवाळ गोळा उरतो. गंमत म्हणजे याच गोळ्यात आणखी बरंच गरम दूध किंवा क्रीम घातलं तर तो पुन्हा सैल होतो, पण मग ते वडी पाडण्याजोगं चॉकलेट राहत नाही, सॉस होतो. म्हणून पिकलेल्या आंब्याचा रस थेट पांढऱ्या चॉकलेटमध्ये ओतणाऱ्या कृती फसतात. तोच रस आधी आटवला तर? ३०० ग्रॅम आमरसात साधारण ५० ग्रॅमच घन भाग असतो. मंद आचेवर ढवळत तो १०० ग्रॅमवर आणला की २०० ग्रॅम पाणी गेलेलं असतं, स्वाद मात्र जवळजवळ सगळा जागेवर राहतो. हाच आंब्याचा मावा. तो गार करून चॉकलेटच्या वडीत मधल्या थराला पसरता येतो. आणखी एक पायरी पुढे गेलं की आंबापोळी: पाणी इतकं कमी की तिचे बोटभर तुकडे कात्रीने कापून वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये सरळ घालता येतात आणि चॉकलेट जराही कुरकुर करत नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. ओव्हनशिवाय गोड करण्याची विद्या मराठी स्वयंपाकघराला नव्याने शिकायची गरज नाही, कारण या घरात ओव्हन कधी नव्हताच. पाणी घालवायच्या आपल्या रीती वेगळ्या होत्या: दही फडक्यात टांगून चक्का करायचा, दूध आटवून खवा करायचा, रस ताटात पसरून उन्हात वाळवायचा, फणसाची पोळी घालायची, आवळा किसून सुकवायचा. बासुंदी घरी खायची आणि पेढे प्रवासाला द्यायचे, हा भेद कुठल्या पुस्तकात वाचून कुणी पाळला नाही; ज्यात पाणी कमी ते टिकतं, हे अनुभवाने ठाऊक होतं. ऑस्ट्रेलियातलं एक उदाहरण इथे बोलकं आहे. तिथे नाताळ भर उन्हाळ्यात येतो. त्या घरांत ‘व्हाइट ख्रिसमस’ नावाची न भाजता करायची वडी चालत आली आहे: कुरमुऱ्यासारखा फुलवलेला तांदूळ, दुधाची पूड, सुकं खोबरं, सुकवलेली फळं, आणि सगळं बांधून ठेवायला घट्ट केलेलं खोबरेल. आता पुष्कळ जण त्या खोबरेलाऐवजी पांढरं चॉकलेट वापरतात. फळ सुकं, दूध सुकं, धान्य सुकं. क्रीम नाही, ताज्या फोडी नाहीत. गरम हवेत राहणाऱ्यांनी त्याच पदार्थाचं पाणी काढून घेतलं आणि तो सहलीजोगा केला. आपल्याकडे हे सहज साधेल: २०० ग्रॅम पांढरं चॉकलेट, १०० ग्रॅम आंबापोळीचे तुकडे, दोन मुठी कोरडे भाजून गार केलेले कुरमुरे, मूठभर भाजलेले काजू, चिमूटभर मीठ. ताटाला कागद लावून थापायचं, गार झालं की वड्या कापायच्या. बिस्किटांचा तळ हवाच असेल तर चुरा लोण्याऐवजी कुटलेल्या खजुरात मळावा, कारण लोणी तिशीच्या पुढे हात सोडतं आणि खजूर सोडत नाही.

आकार पक्का करण्याचं दुसरं काम बाहेरच्या कृतींत बहुधा जिलेटिनकडे असतं. ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं म्हणून पुष्कळ घरांत चालत नाहीच, पण सहलीच्या दृष्टीने त्याचा दोष वेगळा आहे: जिलेटिनची जेली तीस ते पस्तीस अंशांत पुन्हा पातळ होते. चायना ग्रास म्हणून आपल्या वाण्याकडे मिळणारं आगर मात्र एकदा जमलं की ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. या एका फरकाने सूक्ष्मजीवशास्त्राची दिशा बदलली. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्टर हेस्से जिलेटिनवर जिवाणू वाढवत आणि उन्हाळ्यात त्यांच्या बशा पातळ होत. १८८१ साली त्यांच्या पत्नी फॅनी हेस्से यांनी आगर वापरून पाहायला सुचवलं. त्या घरी जेली आणि पुडिंगं त्यातच करत. जावामध्ये राहून आलेल्या ओळखीच्यांकडून त्यांना ते कळलं होतं. उष्ण मुलखातल्या स्वयंपाकघराने थंड मुलखातल्या प्रयोगशाळेची अडचण सोडवली आणि आजही जिवाणू आगरवरच वाढवले जातात. सहलीच्या फळजेलीला हाच न्याय लावावा. अर्धा लिटर रसाला ४ ग्रॅमच्या आसपास आगरची पूड पुरते. ती आधी थोड्या पाण्यात नीट उकळावी आणि मग कोमट रस मिसळावा, कारण आंबट रसाबरोबर फार वेळ उकळलं तर जेलीची पकड सैल होते. अननस, पपई, किवी यांतल्या पाचक द्रव्यांमुळे जिलेटिन जमत नाही, दूधही कडवट होतं. आगरला त्यांची बाधा नाही. एक कबूल करायला हवं. आगरची जेली ठिसूळ असते, जिभेवर विरघळत नाही आणि वेळ जाईल तसं थोडं पाणीही सोडते. म्हणून ती चॉकलेटच्या थराखाली न घालता वेगळ्या वाट्यांत न्यावी.

यावर कुणी म्हणेल की ताज्या स्ट्रॉबेरीचा आनंद सुक्या फळात कुठून येणार? हरकत बरोबर आहे. स्ट्रॉबेरी आटवली की तिचा ताजा गंध उडतो आणि जॅम उरतो. त्यावर उपाय असा की ताजं फळ अखंड न्यावं आणि चॉकलेटशी त्याची गाठ शक्य तितक्या उशिरा घालावी. देठासकट स्ट्रॉबेरी धुऊन, फडक्यावर पसरून, वाऱ्याने पूर्ण कोरडी होऊ द्यायची. सालीवर ओल राहिली तर चॉकलेट पकडत नाही, चादरीसारखं सुटून येतं. सकाळी निघायच्या आधी बुडवलेली स्ट्रॉबेरी दुपारपर्यंत चांगली राहते, दुसऱ्या दिवशी तिला पाणी सुटतं. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा. बिस्किटाच्या किंवा खजुराच्या वाट्या करून आतून पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात फिरवायचा. स्निग्धातून पाणी जात नाही, त्यामुळे तो लेप वाटीला कोरडं ठेवतो. फळ वेगळ्या डब्यात अखंड न्यायचं, झाडाखाली बसल्यावर चिरायचं, वाट्यांत भरायचं आणि लगेच खायचं. कार्तिकातल्या आवळीभोजनापासून सहलीला जाणाऱ्या समाजाला, जागेवर चार हात लागून ताट तयार होण्यात वावगं काही वाटायचं कारण नाही.

दुसरी हरकत पैशांची आणि उन्हाची. बाजारात ‘कंपाउंड’ म्हणून मिळणारी पांढरी लादी स्वस्त असते, वितळवून ओतली की आपोआप जमते आणि उन्हात जरा जास्त तग धरते; मग कोको बटरचा आग्रह कशाला? कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य स्निग्धं असतात आणि त्यांचं वितळणं उशिरा, रेंगाळत होतं. तीच त्याची सोय आणि तोच त्याचा दोष: टाळूला मेणाचा थर राहतो. एप्रिल-मेमध्ये न्यायचंच असेल तर मी कंपाउंडला नाव ठेवणार नाही, फक्त वेष्टनावर घटक वाचून घ्यावेत. कोकणाला मात्र या प्रश्नात बोलायचा अधिकार आहे. युरोपच्या चॉकलेट-नियमांत कोको बटरखेरीज सहाच वनस्पतींची स्निग्धं ५ टक्क्यांपर्यंत चालतात. त्यात आंब्याच्या कोयीतलं आहे आणि कोकमाच्या बियांतलंही. पायांच्या भेगांना चोळायचं मुठेल ते हेच. ते चाळिशीच्या आसपास वितळतं, आणि त्याची थोडी भर घातली की चॉकलेट अधिक टणक होतं हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या अभ्यासात दिसलं आहे. घरी औषधी मुठेल चॉकलेटमध्ये घालावं असं मी सुचवत नाही. ते खाण्यासाठी शुद्ध केलेलं नसतं. पण उष्ण हवेचं पांढरं चॉकलेट घडवायचं साहित्य रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात झाडाखाली पडतं, हे आपल्या मिठाईवाल्यांनी मनावर घ्यावं असं फार वाटतं.

पांढरं चॉकलेट गोडमिट्ट लागतं, ही तक्रारही खरी. त्यात कोकोचा कडवटपणा नाही, तेव्हा तोल आंबटाने साधावा लागतो. पिकलेला हापूस किंवा चिकू त्याच्याबरोबर एकसुरी होतो. किंचित कच्ची स्ट्रॉबेरी, संत्र्याची किसलेली साल, सुकवलेला आवळा, आमसुलाची बारीक कात्रण हे त्याचे खरे सोबती. टांगलेल्या चक्क्यात वितळलेलं पांढरं चॉकलेट मिसळलं तर साखर वेगळी लागत नाही, आणि कोको बटरमुळे तो चक्का श्रीखंडापेक्षा घट्ट बसतो. फक्त चक्का फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलेला असावा. गार चक्क्यात चॉकलेट पडल्या पडल्या गोठतं आणि पांढऱ्या कण्या राहतात.

‘बर्फाची पेटी न्या की’ हा शेवटचा सल्ला. क्रीम किंवा चक्का असेल तर ती न्यायलाच हवी. दुग्धजन्य नाशवंत पदार्थ बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नयेत आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अमेरिकेच्या कृषी विभागाचा दंडक आहे. आपल्या हवेत तो आणखी काटेकोर पाळावा. सुक्या वड्यांना मात्र बर्फ अपायच करतो. बर्फातून काढलेल्या थंड चॉकलेटवर दमट हवेचं दव धरतं, त्यात वरची साखर विरघळते, आणि ते सुकलं की पृष्ठभाग खरबरीत पांढुरका दिसतो. म्हणून वड्यांचा डबा नुसता सावलीत, ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवावा. पेटीत ठेवलाच असेल, तर बाहेर काढल्यावर झाकण लगेच उघडू नये. डब्याच्या पत्र्यावरचं दव आपोआप उडेपर्यंत, वीस-पंचवीस मिनिटं, मुलांना थांबायला सांगावं.