खिडकीतून येणारी झीज

दागिने लॉकरमध्ये ठेवता येतात, ठेवींच्या पावत्या कपाटात कुलूपबंद राहतात. परंतु दिवाणखान्यातील काश्मिरी गालिचा, आजोबांच्या काळातील शिसवी कपाट किंवा काचेच्या चौकटीत जपलेली पैठणी यांची तशी सोय लावता येत नाही. वाळवीची निदान माती तरी दिसते. ऊन मात्र आपले काम निमूटपणे करीत असते. वर्षानुवर्षे जागीच असलेले कपाट सरकवल्यावर त्याखालचा गालिचा टवटवीत आणि उरलेला विटलेला दिसतो, तेव्हा कुठे हानीचा अंदाज येतो.

प्रकाशाच्या ऊर्जेने रंगद्रव्यांचे रेणू मोडतात आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही. हळदीचा रंग तर फारच लवकर उडतो. नैसर्गिक धाग्यांत रेशीम विशेष नाजूक. अतिनील किरणांनी ते पिवळे पडते आणि घडीवर विरते. शिसवाचा काळसर तांबूस रंग फिकट होत जातो. खिडकीला काच आहे म्हणून निर्धास्त राहण्याची प्रथा सार्वत्रिक असली तरी ती निराधार आहे. साधी काच अतिनील किरणांपैकी काहीच अडविते, बरेचसे आत सोडते. शिवाय दृश्य प्रकाशानेही रंग उडतो. त्यामुळे काचेवर अतिनील किरण रोखणारी फिल्म लावली तरी झीज मंदावते, थांबत नाही.

ही झीज साठत जाते, आणि तिचा हिशेब मांडता येतो. संग्रहालयांत जुन्या वस्त्रांवर साधारण ५० लक्स इतकाच प्रकाश ठेवण्याचा संकेत आहे. भर दुपारचे थेट ऊन सुमारे १,००,००० लक्सचे असते. म्हणजे अशा उन्हातला एक तास हा संग्रहालयातील २,००० तासांबरोबर झाला. रोज ८ तासांच्या हिशेबाने तब्बल २५० दिवस! काचेतून येताना हा आकडा काहीसा घटतो, एवढेच. घराचा विमा आग, पूर यांसारख्या आकस्मिक आपत्तींसाठी असतो. हळूहळू विटणाऱ्या रंगाची भरपाई त्यातून सहसा मिळत नाही.

पडदा निवडण्यापूर्वी खिडकीची दिशा पाहावी. मुंबईच्या अक्षांशावर जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात तो दक्षिणेस क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर शिरते ते हिवाळ्यात. उन्हाळ्यात तेथे छज्जा पुरतो. पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र छज्ज्याला जुमानत नाही. तेथे उभा आडोसाच हवा, आणि तो शक्यतो काचेच्या बाहेर, म्हणजे उष्णता घरात येण्यापूर्वीच अडते. जुन्या घरांच्या व्हरांड्यांतील बांबूच्या चिकाचे पडदे हेच काम करीत. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले बसविलेले आढळतात; त्यांतून प्रकाश मवाळ होऊन येतो. सदनिकेत बाहेर काही लावण्याची मुभा नसेल, तर आतून घट्ट विणीचा, फिकट पाठीचा गुंडाळता येणारा पडदा लावावा आणि घरातील मंडळी कामावर जाताना तो खाली सोडावा. रिकाम्या खोलीला उजेड कशाला?

भारी रेशमी पडदे लावणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. खिडकीत सर्वप्रथम ऊन झेलतो तो पडदाच. त्याच्या पाठीला पांढरे सुती अस्तर लावावे, तेही पक्के न शिवता बटणांवर. चार-पाच वर्षांत ते जीर्ण झाले की मूळ पडद्याला हात न लावता बदलता येते.