घर मोठं घ्यायचं की शाळा जवळची बघायची? कोल्हापुरात घर शोधणाऱ्या गावाकडच्या मंडळींनी आधी हे वाचा

मे महिना लागला की आमच्या भोगावती खोऱ्यात दोनच विषय असतात. एक, वळीव कधी पडतोय. आणि दुसरा, औंदा कुणाची पोरं कोल्हापूरला शाळेला चालली. गावात पाच खणाचं घर, पुढं अंगण, मागं गोठा असं सगळं असून माणसं शहरात दोन खोल्यांत जाऊन राहतात. का, तर पोरांची शाळा.

गेल्या वर्षी ही पाळी आमच्यावर आली. थोरली तिसरी पास झालेली, धाकटा पहिलीत जायचा. आम्ही नवरा-बायको चार रविवार घरं बघत फिरलो. शेवटी दोन घरं मनात राहिली. एक गारगोटी रोडला कळंब्याच्या पुढं रो हाऊस. वर-खाली खोल्या, दारात मोटरसायकल आणि चार कुंड्या मावतील एवढी जागा. किंमत ३४ लाख. दुसरं शहरात, तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके. शाळा चालत सात मिनिटांवर, पण घर एवढंसं, की आई म्हणाली, "आमच्या म्हशींचा गोठा यापेक्षा मोठा हाय की रं." किंमत ३३ लाख. म्हणजे पैसे जवळजवळ तेवढेच. एकीकडं जागा, दुसरीकडं शाळा.

या निमित्तानं जे शिकलो ते सांगतो. ज्यांचा व्यवहार अजून व्हायचा आहे त्यांना उपयोग होईल.

पहिली गोष्ट, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी घराच्या पत्त्यावरून पोराची सरकारी शाळा ठरते. म्हणून तिथं चांगल्या शाळेच्या हद्दीतलं घर महाग मिळतं. सँड्रा ब्लॅक नावाच्या बाईंनी १९९९ मध्ये बोस्टनच्या आसपासच्या घरांचा अभ्यास केला होता. शाळेचे गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील, तर लोक घराला दोन ते अडीच टक्के जास्त पैसे देतात, असं त्यात निघालं. आपल्याकडं तशी हद्द नाही. रो हाऊस कळंब्यात घेऊन पोरगं शहरातल्या शाळेत घालता येतं. मग पत्त्याचा संबंध येतो कुठं? दोन ठिकाणी: रोजच्या येण्याजाण्यात आणि आरटीईच्या २५ टक्के जागांत.

आरटीईचं नीट समजून घ्या. विनाअनुदानित खाजगी शाळेत पहिल्या प्रवेशाच्या वर्गात, म्हणजे नर्सरी किंवा पहिलीला, २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी असतात. सर्वसाधारण गटाला वर्षाच्या एक लाख उत्पन्नाची अट आहे. अर्जात घराचं ठिकाण नकाशावर दाखवावं लागतं आणि शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी मिळते, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांना. भाड्यानं राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, साध्या कागदावर चालत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलून जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना सूट दिली होती. तो बदल मुंबई हायकोर्टानं १९ जुलै २०२४ ला रद्द केला. पण पोरगं तिसरी-चौथीत असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. एजंट मात्र "साहेब, इथून आरटीई बसतं" असं सगळ्यांनाच सांगतात.

आता येण्याजाण्याचं. रो हाऊस आम्ही रविवारी दहा वाजता बघितलं होतं. गाडी मोकळ्या रस्त्यानं पंधरा मिनिटांत शाळेच्या दारात. जूनमध्ये एका सोमवारी मी थोरलीला मुद्दाम सोबत घेतलं, वरून पाऊस, आणि शाळेच्या वेळेला निघालो. पन्नास मिनिटं लागली. पोरगी भिजली आणि मागं बसून पेंगत होती. तिथंच रो हाऊसवरनं माझं मन उडालं. कुठलंही घर घ्या, पण कामाच्या दिवशी, शाळेच्या वेळेला, पावसात एकदा जाऊन बघा. आमच्याकडं पावसाळ्याचा आणखी एक विषय आहे, पुराचा. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं हे एजंटला विचारू नका, त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी त्याच्या वर गेलं की कुठले रस्ते बंद होतात तेही विचारून घ्या, नाहीतर घर कोरडं आणि शाळेची वाट पाण्याखाली अशी गत होते.

मग लहान घरच घ्यायचं का? तसंही नाही. माझ्या मेहुण्यानं वन बीएचके घेतलाय. पोरगं दहावीला आणि हॉलमध्ये टीव्ही. पाहुणा आला की अभ्यास जिन्यात. फ्रान्समध्ये २००५ साली दोन संशोधकांनी दाखवलं होतं की दाटीवाटीच्या घरात खोली वाटून राहणारी मुलं वर्गात मागं पडायचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे जवळच्या शाळेनं जे मिळतं त्यातलं काही घरातली दाटी काढून घेते.

जागा स्वतः मोजा. आम्हाला तो फ्लॅट ६४० फुटांचा सांगितला होता. टेप लावला तर आत सव्वाचारशेच्या वर जाईना. बाकीचं जिना, भिंती, पॅसेज. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणं विक्री कार्पेटवर, म्हणजे आतल्या वापराच्या जागेवर सांगायची असते. महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून बघता येतं. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत घरं असतील तर रेराची नोंदणी लागत नाही. शहराभोवतीच्या गावांत चार-सहा रो हाऊसच्या पुष्कळ स्कीम त्यात बसतात. तिथं बिनशेती आदेश आणि बांधकाम परवाना आपणच तपासायचा. शहराभोवतीची ४२ गावं २०१७ पासून प्राधिकरणात आहेत, त्यामुळं परवाना कुणाचा आहे हे आधी विचारा. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती सोडू नका.

आता शाळा. चांगली शाळा म्हणजे काय, इथंच आपण फसतो. टाय, पिवळी बस आणि पाटीवर इंग्लिश मीडियम एवढं बघून माणसं ३३ लाखाला हात घालतात. आपल्या हातात एक सोपी चाचणी आहे. 'असर'वाले देशभर गावोगाव जाऊन हेच करतात. पोराला दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला द्या, हातच्याची वजाबाकी घाला, आणि तीन आकडी संख्येला एका आकड्यानं भागायला सांगा. २०२४ च्या त्यांच्या पाहणीत देशातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. मग ज्या शहरी शाळेत घालणार तिथल्या तिसरी-चौथीच्या ओळखीच्या दोन पोरांना हाच उतारा द्या, आणि गावातल्या पोरांनाही द्या. मी दिला. गावातली पोरं जरा अडखळत का होईना, अर्थ सांगत होती. शहरातलं एक पोरगं इंग्रजी धडा धडाधड वाचत होतं, पण अर्थ विचारल्यावर गप्प.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तेव्हा चार वर्गांना तीन गुरुजी होते, त्यातल्या एक बाई सुट्टीतही पोरांना बोलवायच्या. पण त्यांची बदली झाली की चित्र बदलणार, हेही खरं. म्हणून शाळा बघताना इमारतीपेक्षा आधी विचारा की शिक्षक किती, टीईटी झालेले किती आणि दरवर्षी किती सोडून जातात. कायद्यानं प्राथमिकला ३० मुलांमागं एक शिक्षक हवा.

आणि ज्यानं माझा निर्णय फिरला ते सांगतो. कागलला नवोदय विद्यालय आहे. सहावीला परीक्षेवर प्रवेश, राहणं-जेवण-शिक्षण तिथंच. त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पण ग्रामीण धरायचं तर तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. या वर्गांत एक दिवस जरी शहरातल्या शाळेत नाव लागलं तरी पोरगं शहरी धरतात. आम्ही थोरलीचा दाखला काढायलाच निघालो होतो! जागा मोजक्या, ८० च्या आसपास, आणि परीक्षेला अख्खा जिल्हा बसतो, त्यामुळं भरवसा नाही. पण हातातली संधी आपणच का घालवायची? शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं काढली ती याचसाठी, की शिकायला यायचं तर बापाचं शहरात घर असायची गरज पडू नये.

हिशेबही मांडून बघितला. २० लाखाचं कर्ज, ९ टक्के, २० वर्षं. हप्ता महिन्याला १८ हजार, एकूण भरायचे सव्वात्रेचाळीस लाखाच्या आत-बाहेर. त्यातलं व्याजच २३ लाख. आपला ऊस पैसे देतो वर्षातनं एक-दोनदा, बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. दुधाच्या बिलावर तो भागत नाही. आणि शाळा किती वर्षांची? पाचवी ते दहावी सहा वर्षं. महिना ८ हजार भाडं धरलं तर सहा वर्षांचे पावणेसहा लाख, भाडं वाढलं तर सात-साडेसात. शाळा बदलायची वेळ आली तर भाड्याचं घर सोडता येतं, कर्जाचं नाही. नोकरदाराचं गणित वेगळं असेल, पण ज्याचं पोट शेतीवर आहे त्यानं निव्वळ शाळेसाठी घर विकत घेऊ नये असं माझं मत आहे. घ्यायचं तर शाळा संपल्यावरही त्यात राहायचं असेल तरच, आणि मग जागा जरा मोठी बघावी.

पोरगी शाळेला एसटीनं जाणार असेल तर बारावीपर्यंत ग्रामीण मुलींना पास फुकट आहे, पोरांना पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. हायस्कूल शेजारच्या मोठ्या गावात असेल तर हाही रस्ता बघा. आईला गावात एकटं ठेवून, म्हशी विकून जायचं म्हटलं तर त्याचीही किंमत हिशेबात धरावी लागते.

आम्ही दोन्ही घरं सोडली. थोरली आता पाचवीला गावातच आहे, सकाळी बाईंच्या घरी नवोदयचा सराव करते. ते रो हाऊस अजून विकलं गेलेलं नाही. एजंटचा परवाच फोन आला होता, दोन लाख कमी करतो म्हणाला. निकाल लागल्यावर बोलू, असं सांगून ठेवलंय.