गाड्यावर नाव

'कधीं गाड्यावर नाव, कधीं नावेवर गाडा' ही म्हण मराठींत दैवाचे फेरे सांगण्यासाठीं वापरली जाते. परंतु तिचा पूर्वार्ध आज इंग्लंड-अमेरिकेंत अक्षरशः खरा झालेला दिसतो. शनिवारच्या सकाळीं तेथील रस्त्यांवर मोटारीमागें दुचाकी गाडी, गाडीवर शिडाची नाव आणि नावेवर आडवी निजविलेली डोलकाठी, असें दृश्य जागोजाग आढळतें. मोटारीमागें जोडावयाच्या या गाडीस ट्रेलर म्हणतात. तो घरच्या घरीं कसा बांधावा, किंवा दुसऱ्या कामासाठीं केलेला ट्रेलर शिडाच्या नावेस कसा जुळवून घ्यावा, हा विषय वरवर पाहतां सुतार-लोहारांचा वाटेल. पण त्यांत पदार्थविज्ञानाचे चार मोठे नियम दडलेले आहेत, आणि ते विसरणारास कधीं नावेचें तर कधीं जिवाचें मोल द्यावें लागतें.

नाव जमिनीवरून नेण्याची युक्ति नवी नव्हे. इ. स. १४५३ मध्यें कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यांत तुर्की सुलतान दुसरा महंमद यानें आपलीं सुमारें सत्तर जहाजें चरबी माखलेल्या ओंडक्यांवरून टेकडीपलीकडे ओढून नेलीं आणि शत्रूच्या साखळीनें बंद केलेल्या खाडींत उतरविलीं. कोकणचा कोळी आपली होडी वाळूवर घेतांना तिच्याखालीं ओंडके सारतो, ती युक्तीहि त्याच जातीची. परंतु हे प्रवास सावकाशीचे व थोड्या अंतराचे. तासाला ऐशीं किलोमीटर वेगानें, खड्डे व वळणें असलेल्या रस्त्यावरून नाव न्यावयाची, ही गोष्ट निराळी.

उदाहरणादाखल ब्रिटनमधील 'वेफेरर' जातीची नाव घेऊं. इयन प्रॉक्टर यानें ती १९५७ सालीं आखली. तिची लांबी ४.८२ मीटर, रुंदी १.८५ मीटर, आणि शीड, डोलकाठी वगैरे सरंजाम सोडून नुसत्या नावेचें वजन १६९ किलो. अशाच एका नावेंतून फ्रँक डाय यानें १९६३ सालीं एका सोबत्यासह स्कॉटलंडहून आइसलंड गांठलें. उत्तर अटलांटिकच्या लाटा सोसणारी ही नाव वाईट गाडीवर मात्र एका दिवसाच्या प्रवासांत तळाशीं तडकूं शकते. असें कां व्हावें?

याचें उत्तर पाण्याच्या स्वभावांत आहे. नाव पाण्यावर तरंगते तेव्हां पाणी तिच्या बुडालेल्या अंगास सर्वत्र स्पर्श करून खालून उचलून धरतें. भार कोठेंहि एका जागीं एकवटत नाहीं. तीच नाव गाडीवर ठेवली कीं सगळें वजन चार-दोन आधारांवर येतें. त्यांतून चाक खड्ड्यांत आपटलें म्हणजे क्षणभर तें वजन दुपटी-तिपटीनें वाढल्यासारखें होतें. नावेची पातळ फळी किंवा कांचतंतूचें कवच हें अशा टोचणीसाठीं केलेलेंच नसतें. म्हणून पहिला नियम असा कीं, भार पठाणावर, म्हणजे नावेच्या तळाच्या कण्यावर, घ्यावा. बाजूचे आधार केवळ नाव कलूं नये म्हणून असावेत. कण्याखालीं तीन-चार ठिकाणीं रबरी रूळ किंवा एक लांब गादी लावलेली फळी असावी. बाजूचे आधार रुंद, नावेच्या गोलाईस जुळणारे आणि शक्य तेथें आंतील आडव्या पडद्यांच्या नेमके खालीं असावेत. कारण तेथें कवचास आंतून बळकटी असते. मधल्या पोकळ भागाखालीं ठेवलेला लहानसा टणक रूळ एका ऋतूंतच आपला ठसा उमटवितो.

दुसरा नियम तराजूचा. दुचाकी ट्रेलर हा चाकांच्या आंसावर तोललेला एक दांडा होय. पुढचें टोंक मोटारीच्या गोळ्यावर अडकविलेलें असतें. या टोंकानें मोटारीवर थोडा भार दिलाच पाहिजे. ब्रिटनमध्यें हा भार एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा असें मानतात. अमेरिकेंत साधारणतः १० टक्के किंवा त्याहून अधिक धरतात. मोटारीच्या कारखानदारानें ठरविलेली कमाल मर्यादा मात्र कोणत्याहि देशांत ओलांडूं नये.

हा हिशेब शाळेंतल्या तरफेच्या हिशेबासारखाच आहे. समजा, नाव व सामान ३०० किलो आणि ट्रेलर १५० किलो, मिळून ४५० किलो. आणि जोडाच्या गोळ्यापासून आंसापर्यंतचें अंतर ४ मीटर. टोंकावर ३० किलो भार हवा असेल, तर ३० ला ४ नें गुणून ४५० नें भागावें. उत्तर सुमारें ०.२७ मीटर येतें. म्हणजे सर्व वजनाचा गुरुत्वमध्य आंसाच्या पुढें २७ सेंटिमीटर पडला पाहिजे. आतां कोणी २५ किलोचें लहान इंजिन नावेच्या मागील टोंकास, आंसाच्या मागें २ मीटरवर, तसेंच टांगलेलें ठेविलें, तर तें पुढच्या टोंकाचा साडेबारा किलो भार उचलून धरील. उरले साडेसतरा, म्हणजे ४७५ किलोंच्या चार टक्क्यांहूनहि कमी. हा तोटा भरून काढावयास आंस सुमारें ११ सेंटिमीटर मागें सरकवावा लागेल. किंवा त्याहून सोपें म्हणजे इंजिन काढून मोटारींत ठेवावें. भार मोजण्यास महाग यंत्र नको. माणसें तोलण्याचा घरगुती काटा सपाट जमिनीवर ठेवावा, त्यावर लांकडाचा ठोकळा उभा करावा आणि जोडाचें टोंक मोटारीच्या गोळ्याइतक्याच उंचीवर त्यावर टेकवून आंकडा वाचावा.

एवढा काटेकोरपणा कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें कारण ट्रेलरचें डोलणें हें होय. वारा, खड्डा किंवा शेजारून जाणारा मोठा ट्रक यांच्या धक्क्यानें ट्रेलर गोळ्याभोंवतीं डावी-उजवीकडे झुलूं लागतो. एका ठराविक वेगाच्या आंत हे झोके आपोआप विरतात. त्या वेगापलीकडे ते वाढत जातात आणि अखेर मोटारीसहि घेऊन रस्त्याबाहेर जातात. वजन मागें पडलें कीं हा धोक्याचा वेग खालीं येतो. शिवाय वजन दोन टोंकांस विभागलें असलें तरी तोच परिणाम होतो. कारण टोंकांस भार बांधलेली काठी फिरूं लागली म्हणजे लवकर थांबत नाहीं. म्हणून नांगर, साखळी, पाण्याचे डबे असें जड सामान आंसाच्या जवळपास ठेवावें. झोके सुरू झालेच तर वेग वाढवूं नये, जोरानें ब्रेक लावूं नये, सुकाणूचक्र उलटसुलट फिरवूं नये. तें सरळ धरून पेट्रोलवरचा पाय हळूहळू काढावा. नंतर गाडी थांबवून सामानाची मांडणी बदलावी. तसेंच पुढें जाणें म्हणजे संकटास दुसरें आमंत्रण देणें होय.

तिसरी गोष्ट चाकांची. ट्रेलरचीं चाकें लहान असतात, आणि लहान चाक अधिक गरगरतें. ४२ सेंटिमीटर व्यासाच्या चाकास तासाला ८० किलोमीटर वेगानें जातांना मिनिटास सुमारें एक हजार फेरे करावे लागतात. ६३ सेंटिमीटरच्या चाकास सुमारें पावणेसातशें. तुंब्यांतील बेअरिंगला तितकी झीज व उष्णता अधिक. आतां अशी तापलेली चाकें घाटाच्या उतारावरून एकदम थंड पाण्यांत घातलीं म्हणजे काय होतें? तुंब्यांतील हवा आकसते आणि रबरी कड्याच्या फटींतून पाणी आंत ओढलें जातें. खारें पाणी असेल तर तें ग्रीस बिघडवून पोलादास गंज चढवितें, आणि पुढच्या एखाद्या प्रवासांत चाक अडकतें किंवा निखळून पडतें. पाण्याकांठीं पोंचल्यावर तुंबे हातास थंड लागेपर्यंत थांबणें, घरीं आल्यावर गोड्या पाण्यानें सर्व धुणें आणि ठराविक मुदतीनें ग्रीस बदलणें, हे साधे उपाय आहेत. स्प्रिंगच्या दाबानें ग्रीस सदैव आंत लोटणाऱ्या टोप्याहि मिळतात.

परंतु सर्वांत सुंदर उपाय ब्रिटनमधील लहान नावांच्या मालकांत रूढ आहे. तेथें ट्रेलरचे दोन भाग करतात. खालीं रस्त्याची गाडी, आणि तिच्यावर नावेसह बसणारी हलकी हातगाडी. पाण्याकांठीं आल्यावर नाव हातगाडीसकट मागें ओढून उतरवितात. हातगाडी पाण्यांत जाते, रस्त्याची गाडी कोरडी राहते. हातगाडीच्या चाकांत वेगाचें काम नसल्यामुळें बेअरिंग नसून साधी नळी असली तरी चालते. जुन्या ट्रेलरमध्यें सुधारणा करणारानें या दोन भागांच्या पद्धतीचा विचार आधीं करावा.

जुना ट्रेलर बहुधा इंजिनाच्या होडीचा असतो, आणि तेथेंच पुष्कळांची फसगत होते. इंजिनाच्या होडीचा भार मागें असतो, म्हणून तिच्या ट्रेलरचा आंसहि मागें बसविलेला असतो. शिडाच्या नावेचें वजन बरेंचसें मध्यभागीं असतें. ती त्या ट्रेलरवर तशीच ठेवली तर पुढील टोंकाचा भार वाजवीहून फार होतो. मोटारीचा मागचा भाग दबतो व पुढचीं चाकें हलकीं पडतात. म्हणून आधीं नाव ट्रेलरवर कोठें बसणार तें ठरवावें, मग वर सांगितलेला हिशेब करून आंस पुढें घ्यावा. आंस यू-आकाराच्या बोल्टांनीं आवळलेला असेल तर तो सरकविणें कठीण नाहीं. तुळईस नवीं भोंकें पाडण्याचा मोह मात्र आवरावा. वांकणाऱ्या तुळईचा ताण तिच्या वरच्या व खालच्या कडांवर सर्वांत अधिक असतो, मध्यरेषेवर जवळजवळ नसतो. म्हणून भोंक पाडणें भागच असेल तर तें उभ्या बाजूच्या मध्यावर पाडावें, वरच्या-खालच्या पट्टीवर कधींहि नव्हे. भार वाहणारें वेल्डिंग तर जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावें.

आंस जागीं बसल्यावर पुढें नाळेसाठीं खांब उभा करावा. नाळ त्यास टेकली कीं नाव पुढें सरकत नाहीं, आणि प्रत्येक वेळीं तिची जागा तीच राहते; म्हणजे तोलहि तोच राहतो. खांबावर दोर गुंडाळण्याचें हातयंत्र असतें, पण रस्त्यावर केवळ त्याच्या दोरावर विसंबूं नये. एक पट्टा नाळेपासून गाडीच्या चौकटीस, आणि मागें एक पट्टा नावेवरून आडवा, असें दुहेरी बंधन हवें. पट्ट्याखालीं जाड कापड ठेवावें. डोलकाठी बहुधा नावेहून लांब असते. तिला पुढें खांबावर आणि मागें नावेच्या टोंकावर असे दोन आधार द्यावेत आणि मधल्या लांबीसहि एक टेकू द्यावा, नाहीं तर ती रस्ताभर हिंदकळत राहते. मागें निघालेल्या टोंकास तांबडें कापड व दिव्यांची फळी विसरूं नये.

जोडाविषयीं एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. युरोपांत मोटारीच्या गोळ्याचा व्यास ५० मिलिमीटर असतो. अमेरिकेंत एक सामान्य माप दोन इंचांचें, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचें. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात. पण एका मापाची वाटी दुसऱ्या मापाच्या गोळ्यावर नीट बसेलच असें नाहीं, म्हणून गोळा व वाटी एकाच मापाचीं असावींत, आणि शिवाय सुटल्यास धरून ठेवणारी साखळी किंवा तार असावी. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणें स्वतःचा ब्रेक नसलेल्या ट्रेलरचें भरलेलें वजन ७५० किलोपेक्षां किंवा ओढणाऱ्या मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्यापेक्षां, यांपैकीं जें कमी असेल त्यापेक्षां, अधिक असतां कामा नये. ज्याच्या त्याच्या देशाचे नियम ज्यानें त्यानें आधीं वाचावेत हें उत्तम.

शेवटचा इशारा पाण्याच्या कांठचा आहे, आणि तो सर्वांत गंभीर आहे. नाव गाडीवरून उतरविण्यापूर्वीं डोलकाठी उभी करण्याची अनेकांची पद्धति असते. आजकालच्या डोलकाठ्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात, आणि ती धातु विजेची उत्तम वाहक आहे. डोक्यावरून विजेची तार जात असेल तर डोलकाठी तिला लागण्याचीहि वाट पाहावी लागत नाहीं. अधिक दाबाची वीज थोडें अंतर उडी मारूनहि येते. डोलकाठी उभी करण्यापूर्वीं, आणि उभी केल्यावर गाडी ढकलण्यापूर्वींहि, मान वर करून पाहावें. या एका क्षणाच्या दक्षतेस कांहींच खर्च लागत नाहीं.

सारांश, पाणी जें काम फुकट व बिनबोभाट करतें, तें ट्रेलर बांधणारास हिशेबानें करावें लागतें. पाणी नावेस सर्वांगीं आधार देतें, म्हणून आधार कण्याखालीं व रुंद द्यावयाचे; पाणी तिला आपोआप समतोल ठेवतें, म्हणून तोल मोजून साधावयाचा; आणि पाणी लोखंडाचें शत्रु आहे, म्हणून चाकें त्यापासून जपावयाचीं. इतकें सांभाळलें तर गाड्यावर चढलेली नाव पुन्हां सुखरूप पाण्यावर उतरते, आणि तिला तेथवर नेणारा माणूसहि सुखरूप घरीं परततो.