पागेतली गोष्ट आणि स्टेडियमच्या पायऱ्या

कोल्हापुरात कुणाला "तू कुठला?" असं विचारलं, तर आधी पेठ सांगितली जाते आणि पाठोपाठ तालीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, जुना बुधवार, उत्तरेश्वरची वाघाची तालीम; शिवाय शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. तालमी बांधल्या कुस्तीसाठी, पण आता त्यांच्या नावानं फुटबॉलचे संघ ओळखले जातात आणि त्या संघांवरून पेठापेठांत ईर्ष्या रंगते. या साऱ्या ईर्ष्येचा निकाल लागतो तो शहराच्या मध्यावर, राजर्षी शाहू स्टेडियममध्ये.

संस्थानी काळापासून मिळालेला राजाश्रय, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या म्हणजे केएसएच्या स्पर्धा, 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव, हे सगळं कोल्हापूरकरांना पाठ आहे. मी सामना पाहायला गेलो खरा, पण माझं लक्ष मैदानापेक्षा प्रेक्षकांकडेच अधिक होतं. या गर्दीत कोण पोहोचतं आणि कोण बाहेर राहतं, हे मला पाहायचं होतं.

गॅलरी म्हणजे पायऱ्याच. ज्याचे पाय धड आहेत तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर जातो, मित्रानं रुमाल टाकून धरलेल्या जागेवर टेकतो आणि आरोळी ठोकतो. ज्याचे पाय साथ देत नाहीत, त्याचा सामना पहिल्या पायरीशीच अडतो.

असाच एक जण मला भेटला. लहानपणी पोलिओ झालेला, मागं दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून येणारा आणि आपल्या तालमीच्या गेल्या कित्येक हंगामांतले गोल कुणी मारले ते घडाघडा सांगणारा. मित्र त्याला उचलून वर नेतात. त्याबद्दल तो भरभरून बोलला. "पोरं लई जीव लावत्यात. पण त्यांची ड्युटी असली की माझा सामना बुडाला," असंही तो म्हणाला. मग आवाज खाली आणून त्यानं दुसरी अडचण सांगितली. सामना असला की तो दुपारपासून पाणी पीत नाही. संडास-मुतारीला जायचं तर पुन्हा चौघांना उठवायचं, खाली उतरायचं, वर चढायचं. त्यापेक्षा तहान बरी. आणि एवढं करून वर पोहोचल्यावर? "गोल झाला की सगळी उभी राहत्यात. मला दिसत्यात नुसत्या पाठी. आपल्या टीमचा गोल मी ऐकतो, बघत न्हाई."

मित्रांच्या प्रेमाला तोड नाही. पण आवडत्या संघाचा सामना पाहायला जायचं की नाही, हे चार माणसांच्या सवडीवर ठरत असेल, तर त्या माणसाला स्टेडियम खुलं आहे असं कसं म्हणायचं?

थोड्या अंतरावर बसलेल्या एका जोडीनं मला सामना संपेपर्यंत जागचं हलू दिलं नाही. दोघं बालमित्र. एक उद्यमनगरात लेथवर काम करतो, दुसऱ्याला दिसत नाही. लेथवाल्यानं मित्राचा डावा हात आपल्या मांडीवर उताणा धरला होता. तो तळहात म्हणजे मैदान. मनगटाकडे आपला गोल, बोटांच्या टोकांकडे समोरच्याचा. चेंडू जिकडे जाईल तिकडे याचं बोट त्या तळहातावर फिरे आणि तोंडानं एका लयीत निवेदन चाले. "उजवीकडं, रेषेजवळ. आपल्याकडं. एकाला काढला. दुसरा आडवा आला. मागं दिला. आता मधी, मधी, लांबनं मारला... बारवरनं!" बारवरून म्हणेपर्यंत दिसत नसलेल्या मित्रानं कपाळावर हात मारला होता, आमच्याबरोबरच, एका क्षणाचाही उशीर न होता.

मध्यंतरात मी त्या कारागिराला त्याच्या कसबाचं गमक विचारलं. त्यानं ते लेथवरचं माप सांगावं तसं नेमकं सांगितलं. आधी चेंडू कुठं ते सांगायचं, मग कुणाकडं, मग काय झालं. "भारी मारला, नादखुळा मारला, असलं बोलून त्याला काय कळणार? कुठनं मारला ते सांगाय पायजे." रेडिओवरचे निवेदक आकडेवारीत आणि आठवणीत रमतात तेव्हा चेंडू हरवतो, ही त्याच्या मित्राची तक्रार. दोघांनी मिळून, चुकत-माकत ही रीत बसवली आहे.

त्यांना ठाऊक नसेल, पण जगात हेच काम शास्त्रशुद्ध शिकवलं जातं. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी खास निवेदक तयार केले जातात आणि त्यांचं बोलणं स्टेडियममध्ये बसलेल्या प्रेक्षकांच्या कानाला लावलेल्या यंत्रावर ऐकू येतं. 2014 च्या ब्राझील विश्वचषकात ही सोय होती. युरोपात फुटबॉलची मैदानं दिव्यांगांसाठी सुगम व्हावीत म्हणून युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या पुढाकारानं 2009 मध्ये एक स्वतंत्र केंद्र सुरू झालं. निवेदकांचं प्रशिक्षण हे त्याच्या कामांपैकी एक. उद्यमनगरचा हा माणूस त्या वर्गात विद्यार्थी म्हणून गेला, तर पहिल्याच दिवशी त्याला शिकवायला उभं करतील.

तिकडेही हे सहज घडलं नाही. मँचेस्टर युनायटेडच्या दिव्यांग पाठीराख्यांनी 1989 मध्ये आपली संघटना उभारली आणि वर्षानुवर्षं क्लबशी बोलणी चालू ठेवली. 2017 मध्ये क्लबनं ओल्ड ट्रॅफर्डवर दिव्यांगांसाठी सुमारे तीनशे नव्या जागा करण्याचं जाहीर केलं. त्यासाठी एकूण क्षमतेतून दोन हजारांहून अधिक खुर्च्या कमी होणार होत्या. एका चाकाच्या खुर्चीला आणि सोबत्याला लागणारी जागा मोठी असते. शिवाय ती उंचावर हवी, म्हणजे पुढची माणसं उभी राहिली तरी बसलेल्याच्या नजरेआड मैदान जात नाही. तिकिटांना प्रचंड मागणी असलेल्या क्लबनं हा हिशेब मान्य केला.

मागच्यालाही दिसलं पाहिजे, हा विचार कोल्हापूरला मात्र नवा नाही. शाहू स्टेडियमपासून फार लांब नसलेलं खासबाग मैदान शाहू महाराजांनी 1912 मध्ये उभं केलं, तेच मुळी हौद्यातली कुस्ती चहूबाजूंच्या उतारावर बसलेल्या हजारो माणसांना दिसावी अशा बेतानं.

महाराजांची आणखी एक गोष्ट इथले जुने लोक सांगतात. 26 जुलै 1902 रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. सांगलीचे वकील अभ्यंकर यांना ते पटलं नव्हतं. महाराजांनी त्यांना पागेत नेलं. एरवी प्रत्येक घोड्याच्या तोंडाला चंदीचा स्वतंत्र तोबरा बांधलेला असे. महाराजांनी सगळी चंदी एकाच जाजमावर ओतायला लावली आणि घोडे सोडायला सांगितले. धट्टीकट्टी जनावरं तुटून पडली. अशक्त घोडी आणि शिंगरं लाथांच्या भयानं कडेला उभी राहिली. चंदी भरपूर होती, तरी त्यांच्या वाट्याला दाणाही आला नाही. ज्याला रेटारेटी जमत नाही त्याची जागा आधीच वेगळी ठेवावी लागते, हे वकीलसाहेबांना तिथं उमगलं म्हणतात.

तिकीट सर्वांना सारखंच मिळतं, गॅलरी सर्वांना मोकळी आहे, असं आपण म्हणतो तेव्हा आपण जाजमावर चंदी ओतत असतो.

आणि हे शहर चाकाच्या खुर्चीलाही अनोळखी नाही. नसीमा हुरजूक इथल्याच. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर निकामी झालं, तरी खचून न जाता त्यांनी 1984 मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, मुलांसाठी वसतिगृह काढलं, रोजगार दिला. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन महाराष्ट्रभर वाचलं गेलं. पॅरा जलतरणातला अर्जुन पुरस्कार विजेता स्वप्नील पाटीलही कोल्हापूरचाच. ज्या शहरातली दिव्यांग मुलं जलतरण तलाव गाजवतात, तिथल्या मुलांना फुटबॉलचा सामना आपल्या हिमतीवर पाहता यायला हवा.

कायदाही त्यांच्या बाजूनं आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा क्रीडा आणि मनोरंजनातल्या सहभागाचा हक्क देतो. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायला सांगतो. ती मुदत उलटून गेली. 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सुगमतेचे निकष नुसते मार्गदर्शक न ठेवता बंधनकारक करायला केंद्राला बजावलं. शाहू स्टेडियम उभं राहिलं तेव्हा देशात अशा गोष्टींचा विचारच होत नसे, म्हणून त्या वेळच्या बांधणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आजची माहिती हाताशी असताना गप्प बसलो, तर मात्र दोष आपला.

काम अवाढव्य नाही. एकास बाराच्या उताराचा रॅम्प, म्हणजे अर्धा मीटर चढायला सहा मीटर लांबी. त्याच्या टोकाला कठडा असलेला उंच चौथरा, खुर्चीशेजारी सोबत्याची जागा, जवळच रुंद दाराचा संडास, प्रवेशद्वाराशी राखीव वाहनतळ. दृष्टिहीनांसाठी एक छोटा प्रक्षेपक, निवेदन ऐकायला कानाला लावायची काही यंत्रं आणि कोल्हापुरी बोलीत चेंडूचा ठावठिकाणा सांगणारे दोन निवेदक. प्रत्येक तालमीनं आपले दोन स्वयंसेवक दिले, तर मैदानात एकमेकांना भिडणाऱ्या पेठा या एका कामात एकत्र येतील. आराखडा करताना मात्र त्या स्कूटरवाल्याला आणि त्या दोघा मित्रांना बैठकीला बोलवा. कुठं अडतं ते अभियंत्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे.

राखीव जागेचा धडा ज्या राजानं सव्वाशे वर्षांपूर्वी घालून दिला, त्याच्या नावाच्या स्टेडियममध्ये ती जागा आखण्यासाठी कुणाला मोर्चा काढावा लागू नये.