जागा, क्रम आणि वॉलपेपर

1992 साली आलेल्या विंडोज 3.1 मध्ये एखादा प्रोग्राम मिनिमाइझ केला की त्याचं चिमुकलं चित्र पडद्याच्या तळाशी जाऊन बसे. वर दुसरी विंडो पूर्ण पसरलेली असली की ते तिच्याखाली झाकलं जाई. आपलं काम गेलं कुठे, हे नवख्याला कळत नसे. तो तोच प्रोग्राम पुन्हा उघडे आणि चार-आठ एमबी मेमरीचं ते यंत्र गुदमरे. जाणकार मात्र ऑल्ट धरून टॅब दाबत. पडद्याच्या मधोमध चौकट येई आणि तिच्यात एका वेळी एकाच प्रोग्रामचं नाव दिसे. ही सोय चालू-बंद करण्याची खूण कंट्रोल पॅनेलमध्ये वॉलपेपर आणि स्क्रीनसेव्हरच्याच चौकटीत होती. डेस्कटॉप सजवणं आणि उघड्या कामांत ये-जा करणं तेव्हा एकाच पानावर मांडलेलं होतं. रंगांची निवड शेजारीच, आणि तिच्यात लाल-पिवळी ‘हॉट डॉग स्टँड’ नावाची एक भडक जोडणी होती. ती कुणी गंभीरपणे वापरली असेल असं वाटत नाही.

24 ऑगस्ट 1995 ला विंडोज 95 आली आणि टास्कबार आला. नवख्यांना बसवून केलेल्या चाचण्यांत मायक्रोसॉफ्टला दिसलं होतं, की नजरेआड गेलेली विंडो त्यांच्या लेखी संपलेलीच असते. म्हणून तळाला कायमची पट्टी आणि उघड्या प्रत्येक विंडोला त्यावर एक बटण. इथून दोन पद्धती शेजारी नांदू लागल्या, आणि माझ्या मते पुढचा सगळा इतिहास या दोघींचाच आहे. टास्कबार जागा लक्षात ठेवायला सांगतो: एक्सेल डावीकडून तिसरं. ऑल्ट-टॅब क्रम लक्षात ठेवतं, म्हणजे सर्वात शेवटी वापरलेलं सर्वात आधी. त्यामुळे दोन विंडोंमध्ये काम चाललं असेल तर एकाच टिचकीत पलीकडे आणि दुसऱ्या टिचकीत परत. ईमेलमधले आकडे तक्त्यात भरणाऱ्याला, एका बाजूला मूळ मजकूर ठेवून भाषांतर करणाऱ्याला याहून चांगली युक्ती आजवर कुणी दिलेली नाही. तीन-चारच्या पुढे मात्र क्रम डोक्यात राहत नाही. तिथे जागाच हवी.

आणि जागेच्याच बाबतीत मायक्रोसॉफ्टने बराच काळ घोळ घातला. टास्कबारवरची बटणं उघडल्याच्या क्रमाने लागत, ती ओढून हलवता येत नसत. ब्राउझर बंद पडला आणि पुन्हा उघडला की तो रांगेत शेवटी. मग टापटिपीची माणसं सगळं बंद करून हव्या त्या क्रमाने पुन्हा उघडत. हा वेडेपणा नव्हता, हात ज्या जागेला सरावलेला असतो ती सोडायला तयार नसतो. 2001 च्या विंडोज एक्सपीने भर घातली ती गर्दी झाली की एकाच प्रोग्रामच्या विंडो एका बटणात कोंबण्याची. पट्टी सुटसुटीत दिसू लागली, पण नेमकी जास्त कामं उघडी असताना दोन क्लिक लागू लागले.

दुरुस्ती झाली 2009 च्या विंडोज 7 मध्ये. बटणं ओढता येऊ लागली, आवडीचे प्रोग्राम पिन करता येऊ लागले. विंडोज कळीबरोबर आकडा दाबला की त्या क्रमांकाचं बटण उघडतं, ही सोय आधीच्या विंडोज व्हिस्टात क्विक लाँचच्या छोट्या पट्टीपुरती होती, ती आता सगळ्या पट्टीला मिळाली. टास्कबारवरच्या पहिल्या पाच जागा विचार करून भरणं हा डेस्कटॉप आपलासा करण्याचा सर्वात उपयोगी प्रकार आहे, वॉलपेपरपेक्षा कितीतरी. कंट्रोल धरून गटाच्या बटणावर क्लिक केलं की त्या गटातल्या विंडो एकामागून एक समोर येतात, हे अजूनही फारच थोड्यांना ठाऊक असतं.

मधल्या काळात दिखाव्याचे प्रयोग पुष्कळ झाले. व्हिस्टातल्या फ्लिप थ्रीडीत विंडो तिरक्या उभ्या राहून एकीमागे एक सरकत. लिनक्सवर 2006 मध्ये कॉम्पिझने आख्खा डेस्कटॉप घनाच्या बाजूंवर चढवून गरगर फिरवला. तो घन दाखवून लिनक्सकडे वळवलेले तरुण पुष्कळ असतील, पण कामाच्या दिवशी त्याचा हातभार किती? फ्लिप थ्रीडी विंडोज 8 मध्ये निघून गेली आणि कुणी फारसं हळहळलं नाही. अ‍ॅपलचं 2003 चं एक्स्पोजे मात्र टिकलं, कारण ते सगळ्या विंडो लहान करून एकमेकींवर न चढवता पसरतं आणि निवड डोळ्यांवर सोपवतं. चित्रं सांभाळणाऱ्याला ते उत्तम. एकसारख्या दिसणाऱ्या दहा वर्ड फायली उघडून बसलेल्या कारकुनाला त्याचा काहीच फायदा नाही.

या सगळ्याच्या आधीची एक कल्पना सर्वात उशिरा पोचली. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी 1986 मध्ये ‘रूम्स’ मांडलं. माणूस एकेकटी विंडो वापरत नाही, एका कामाच्या चार-पाच विंडोंचा संच वापरतो. मग प्रत्येक कामाला स्वतंत्र पडदाच द्यावा, असा तो विचार. युनिक्स-लिनक्सवाल्यांनी तो नव्वदच्या दशकातच अंगवळणी पाडला, मॅकवर तो 2007 मध्ये स्पेसेस म्हणून आला. विंडोजमध्ये थेट हाताशी मिळायला 2015 ची विंडोज 10 उजाडावी लागली. तोपर्यंत लोकांनी दुसरा मॉनिटर विकत घेऊन हा प्रश्न पैशाने सोडवला होता.

आपल्याकडे डेस्कटॉप सजवणं ही बऱ्याच जणांची संगणकाशी झालेली पहिली ओळख. एमएस-सीआयटीच्या वर्गात एक्सपीचं ते हिरव्या टेकडीचं चित्र पाहायचं आणि लगेच ते बदलायला शिकायचं. (चार्ल्स ओरिअर यांनी 1996 मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेला तो फोटो.) मग सरकारी कचेऱ्यांत गणपती, शिवराय, मुलीचा पहिला वाढदिवस आणि त्यावर ‘न्यू फोल्डर’पासून ‘न्यू फोल्डर 7’पर्यंतची पेरणी. बाहेरून आलेला माणूस पडद्याकडे पाहून टेबल कुणाचं ते सांगू शके.

ही हौस आणि ती ये-जा यांची किंमत मायक्रोसॉफ्टने काय लावली, ते स्वस्त आवृत्त्यांत दिसतं. भारतात 2005 मध्ये हिंदीतून आलेल्या एक्सपी स्टार्टरमध्ये एका वेळी तीनच प्रोग्राम उघडता येत. चौथा हवा तर आधी एक बंद करा. विंडोज 7 स्टार्टरलाही हीच अट घालायचं ठरलं होतं, ती बाजारात येण्याआधीच मागे घेतली गेली. पण तिच्यात वॉलपेपर बदलता येत नसे. चार वर्षांत गरीब गिऱ्हाइकाकडून काढून घ्यायची गोष्ट बदलली होती. तीन प्रोग्रामांत कुणाचं भागत नाही हे कळलं होतं, आणि आपलं चित्र लावण्यासाठी माणूस पैसे मोजेल हेही. विंडोज 10 मध्ये परवाना सक्रिय केला नाही तर पर्सनलायझेशनच्या सेटिंग्ज बंद राहतात आणि कोपऱ्यात फिकट अक्षरांत आठवण उमटते. तरी फोटोवर राइट क्लिक करून वॉलपेपर लावण्याची पळवाट लोकांनी शोधलीच.

2021 च्या विंडोज 11 मध्ये टास्कबारवरची बटणं मधोमध आली आणि टास्कबार तळाला खिळला. रुंद पडद्यावर तो उभा, कडेला ठेवणाऱ्यांची सोय गेली. 1995 पासून मिळत आलेलं स्वातंत्र्य नव्या पट्टीत आलंच नाही. बटणं एकत्र न करण्याचा पर्याय 2023 मध्ये परत आला, तोही तक्रारींनंतर.

ऑल्ट-टॅबलाही हात लावून झाला. 2020 च्या अखेरीस विंडोज 10 च्या अपडेटनंतर एज ब्राउझरच्या टॅब त्या यादीत मिसळू लागल्या. वर्ड आणि एक्सेलच्या मध्ये उघडून विसरलेली बातमी आडवी येऊ लागली आणि क्रमाचा भरवसाच डळमळला. मराठी टंकणाऱ्याला आणखी एक खोच ठाऊक असते: उलट्या दिशेने जायला ऑल्ट-शिफ्ट धरलं आणि टॅब दाबायच्या आत विचार बदलला, की कळफलक मराठीवरून इंग्रजीवर गेलेला असतो. या दुसऱ्या त्रासासाठी भाषा बदलण्याच्या कळा वेगळ्या नेमाव्या लागतात. पहिल्याचा उपाय सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंग इथे आहे. तिथे फक्त उघड्या विंडो दाखवण्याचा पर्याय निवडला की यादी पुन्हा 1995 सारखी वागते.