भुकटीचा रंग

होल धरण्यातच खरं कसब आहे. रॉडचं टोक उघड्या पाषाणावर टेकवायचं, वर वीसेक किलोंचा जॅकहॅमर पेलायचा आणि हवा सोडायची ती जेमतेम. जास्त सोडली तर टोक खडकावरून घसरत कुठंही जातं. समोरचा जोडीदार रॉडला पायाचा पंजा लावून तो जागेवर रोखून धरतो. पायात रबरी चप्पल. बोटभर खळगा पडून टोक बसलं की तो पाय काढून घेतो आणि हॅमरवाला हवा पूर्ण सोडतो. त्यानंतर बोलणं बंद. तळातली सगळी माणसं हातवाऱ्यांवर येतात.

मे महिन्यातली पारनेर तालुक्यातली ही विहीर. वरचा मुरूम पोकलेननं काढला. त्याचा हात पुरेना तेव्हा काठावर यारी उभी राहिली. तिच्याच टोपल्यात बसून आम्ही खाली उतरलो. नियमाप्रमाणे टोपलं डबर वर न्यायला असतं, पण वेगळा जिना इथं कोण बांधणार? काठावरच्या ट्रॅक्टरला जोडलेल्या कॉम्प्रेसरमधून दोन काळ्या नळ्या खाली आलेल्या. तळात उकाडा असह्य, मात्र हॅमरच्या तोंडून बाहेर पडणारी हवा थंडगार. दाबलेली हवा सुटताना गार होते, आणि यंत्रातलं तेल फवाऱ्यासारखं सोबत घेऊन येते. हॅमरवाल्याची पँट मांडीपर्यंत काळी झाली होती ती त्यामुळेच.

शहरात रस्त्याचं काँक्रीट फोडताना दिसतो तो ब्रेकर. त्याचं काम नुसतं ठोकायचं. विहिरीतल्या हॅमरची करणी त्याहून नाजूक. आतला दट्ट्या हवेच्या दाबानं मिनिटाला दोन हजारांच्या आसपास ठोके देतो, आणि प्रत्येक ठोक्यानंतर मागं फिरताना रॉडला थोडासा पीळ देतो. त्यामुळे छिन्नीची धार दर वेळी नव्या जागी बसते आणि होल गोल पडतं. शिवाय रॉड आतून पोकळ असतो. त्या पोकळीतून हवा थेट तळाशी जाते आणि फुटलेला चुरा वर उडवते. हे फुंकणं थांबलं तर खडक फुटायच्या ऐवजी चुराच कुटला जातो.

रॉडही एकाच मापाचे नसतात. सुरुवातीचा 0.8 मीटरचा, त्याचं टोक 34 मिलिमीटर, नंतरचा 1.6 मीटरचा, टोक 33. हा एक मिलिमीटर मुद्दाम सोडलेला. होल खोल जाईल तसं टोक झिजतं, होल किंचित अरुंद होत जातं, आणि तेवढ्याच जाडीचा दुसरा रॉड त्यात बसणार नाही.

मुकादमाची नजर मात्र रॉडवर नव्हती. तो होलाच्या तोंडाशी साचणारी भुकटी बघत होता. राखाडी, कोरडी, सुटी आली तर काळा पाषाण, दमानं जायचं. पांढरट झाक दिसली तर मांजऱ्या, म्हणजे मऊ खडक, रॉड भराभर उतरणार. तांबूस आली तर लाव्हाच्या दोन थरांमधला लाल मातीचा पट्टा लागला. दख्खनचा हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून झाला; अशा सांध्यांत पाणी मिळायची आशा असते. भुकटी एकाएकी यायची थांबली तर भेग सापडली, हवा तिकडून पळते आहे. भूगर्भशास्त्राचं पुस्तक न उघडता खडक वाचण्याची ही रीत मला फार आवडली.

पण ही भुकटी नाकातोंडातही जाते. दोघांच्या तोंडाला गमछे होते, बारीक धूळ त्यांनी अडत नाही. यावरचा उपाय मात्र शंभर वर्षांहून जुना आहे. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली तेव्हा बोगद्यांतली सुरुंगाची होलं छिन्नी-हातोड्यानं पाडली होती. त्याच सुमारास आल्प्समधल्या फ्रेजूस बोगद्यात हवेवर चालणारी यंत्रं उतरली. पुढं 1897 मध्ये अमेरिकेत कोलोराडोतल्या जॉर्ज लेनरनं पोकळ रॉडचं यंत्र आणलं. पहिल्यांदा त्यानं त्यातून हवाच फुंकली. धुळीचे लोट उठून खाणकामगार बिथरले, तेव्हा त्यानं हवेसोबत पाणी सोडलं. म्हणजे लेनरनं जी पद्धत टाकून दिली, तीच आपल्या विहिरींत आजही चालू आहे.

बेसाल्टमध्ये मोकळी सिलिका वालुकाश्म किंवा ग्रॅनाइटपेक्षा फारच कमी, एवढाच दिलासा. वालुकाश्माच्या खाणी असलेल्या राजस्थानला सिलिकोसिसच्या, म्हणजे सिलिकाच्या धुळीनं होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराच्या, रुग्णांसाठी 2019 मध्ये वेगळं धोरण आखावं लागलं. ही टोळी मात्र एकाच खडकावर थोडीच राहते. काम निघेल तिकडं जाते.

पाण्याचा हॅमर का नाही, असं मी मुकादमाला विचारलं. गावाला टँकरनं पाणी येतं, ते खडकात ओतू का, असं त्यानं उलट विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. साधा धूळरोधक मास्क द्यायला मात्र टँकर लागत नाही, हेही खरं.

एका गोष्टीत तो कमालीचा कडक होता. कालच्या सुरुंगाची अर्धवट उरलेली होलं त्यानं आधी हुडकून काढली, दगडावर चुन्याची खूण केली आणि नवी होलं तिथून हातभर लांब धरायला लावली. जुन्या होलाच्या बुडाशी न उडालेली जिलेटिनची कांडी असू शकते. तिच्यात रॉड गेला तर सांगायला कोणी उरत नाही. मधली होलं आतल्या बाजूला तिरकी, कडेची जवळपास सरळ. आधी मधला खडक उडून जागा मोकळी होते, मग कडेचा तिकडं ढासळतो.

दुपारून एका होलाची भुकटी ओलसर आली. लगेच तिचा चिखल होऊन रॉड आवळला गेला, पाना लावून, पीळ देत, शिव्या घालत तो सोडवावा लागला. काठावरून मालकानं दोनदा ओरडून विचारलं, पाणी लागलं का? मुकादमानं चिमूटभर चिखल बोटांत चोळून पाहिला. उद्या डबर निघाल्यावर बघू, असं सांगून त्यानं पुढचं होल धरायला लावलं.